चर्चमागचा मळा आणि थंडीचे संत

शनिवार, २७ मार्च १९७६

आज आले ते असे. फरसबीचे बी, मोठे पाकीट, ५५ सेंट. पिवळ्या भोपळ्याचे बी, ३५ सेंट. भेंडी, दोन पाकिटे, ७० सेंट. चुन्याचे पोते, १ डॉलर ६५. सुतळीचा गुंडा, ४९ सेंट. जुन्या बाजारातून दोन कुदळी. दुकानदार तीन डॉलर सांगत होता, दांडा हलतो म्हणून अडीचला घेतल्या. (दांडा ह्यांनी घरी आल्याबरोबर बसवून दिला.) घोड्यावरच्या पोलिसांच्या तबेल्यातून ट्रकभर लीद, फुकट. कोलार्ड ह्या आमच्याकडच्या पालेभाजीचे बी ताईने अलाबामाहून पाठवले, रुमालाच्या गाठीत बांधून. त्याला मोल नाही.

एकूण सहा डॉलर चोवीस सेंट. पाच भगिनी मंडळाच्या पेटीतून, वरचे माझ्या घरखर्चातून.

एवढी खटपट कशासाठी ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर असेल. चर्चच्या मागे दोन घरे होती. ती जळाली, मग शहराच्या लोकांनी पाडली, आणि जागा चर्चने घेतली. तिथे डांबर घालून गाड्या लावायच्या, असे डीकन थ्रेडगिल यांचे म्हणणे. विश्वस्तांत त्यांचा शब्द चालतो. मी पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटले, एक उन्हाळा आम्हा बायकांना द्या. त्यांनी दिला, पण अट घालून. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आमचे होमकमिंग असते. मंडळी सोडून शिकागो, क्लीव्हलंडला गेलेली माणसे लेकी माहेरी याव्यात तशी परत येतात आणि तळघरात मोठे जेवण होते. त्या जेवणातली सगळी भाजी ह्याच जमिनीतली असली तर मळा राहील. नसली तर सप्टेंबरात डांबर.

डीकन सभेत म्हणाले, "सिस्टर क्रेनशॉ, मिसिसिपी सोडली तेव्हा कुदळ तिथंच टाकून आलो मी. आता तुम्ही ती डेट्रॉइटला आणून चर्चच्या पाठीला लावणार?"

मी म्हटले, "डीकन, कुदळ मी धरणार. तुम्ही नुसतं जेवायला या."

सगळे हसले, ते हसले नाहीत. नवी गाडी घेतल्यापासून माणसाला गर्व चढला आहे, दुसरे काय.

सोमवार, ५ एप्रिल

आठवडाभर जागा साफ करणे चालू आहे. विटा, काचा, पलंगाच्या स्प्रिंगा, एक अख्खा न्हाणीचा टब. टब ठेवला, पाण्याला होईल. सिस्टर व्हर्डेल मॅकक्रे सोबत होती. तिचे तोंड कुदळीपेक्षा जास्त चालते, पण येते रोज. कारखान्याने कामावरून काढल्यापासून हे घरीच असतात. म्हणाले, "मी नुसता बघायला येतो." आले, खिशात हात घालून उभे राहिले, आणि थोड्या वेळाने पाहते तर टबाचे दुसरे टोक ह्यांनीच उचललेले.

कुंपणापलीकडे मिसेस सोबचाक राहतात. ह्या गल्लीतले गोरे लोक केव्हाच उपनगरांत गेले, ह्या पोलिश बाई एकट्या उरल्या. बुटक्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. इतकी वर्षे नुसते "गुड मॉर्निंग" आणि बर्फ पडला की "खूप बर्फ". आज कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या.

"काय लावणार?"

"फरसबी, भोपळा, भेंडी, टोमॅटो."

"कधी?"

"गुड फ्रायडेला."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. "लवकर! फार लवकर! सोफीनंतर."

"कोण सोफी?"

मग त्यांनी बोटांवर समजावले. मे महिन्यात तीन संत येतात, थंडीचे संत. पॅन्क्रस, सर्व्हेशस, बोनिफेस. त्यांच्या मागून सोफी येते, थंडगार सोफी. ती गेली की लावायचे, त्याआधी नाही.

मी हो हो केले. बाई कॅथॉलिक आहेत. त्यांच्यात हरवलेली किल्ली शोधायलाही एक संत असतो म्हणे. आमच्याकडे, अलाबामातल्या मारेंगो परगण्यात, माझी आई, तिची आई, सगळ्यांनी गुड फ्रायडेलाच बी टाकले. त्या दिवशी मातीवर सैतानाची सत्ता चालत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असते.

जाता जाता दिसले, त्यांच्या सगळ्या खिडक्यांत डबेच डबे, टोमॅटोची इवलाली रोपे. एकटी बाई, एवढे टोमॅटो खाणार कोण? काही लोकांना काटकसर कळतच नाही.

गुड फ्रायडे, १६ एप्रिल

प्रभूची स्तुती असो. पेरणी झाली.

उन्हाळा असावा असे ऊन. प्रार्थना आटोपून सगळ्याजणी हॅट काढून, ॲप्रन बांधून थेट मळ्यात. आईने शिकवले तसे मी पहिली चूळ मातीत टाकली, मग पहिले बी. व्हर्डेल सरी सरळ धरेना. मी तिला म्हटले, "अगं, तुझी सरी कॅनडाला निघाली."

"जाऊ दे की, तिकडं काय फरसबी खात नाहीत?"

बाजारातून माझ्या पैशाने टोमॅटोची तयार रोपे आणली होती, ती लावली. भोपळ्याचे आळे ह्यांनी केले. हे आज दुपारपर्यंत एकदाही "घरी जातो" म्हणाले नाहीत.

आम्ही टोमॅटो लावत होतो तेव्हा सोबचाकबाई एक मोठे खोके छातीशी धरून कुंपणापर्यंत आल्या. आम्हाला पाहिले, थांबल्या आणि तशाच मागे वळल्या. खोक्यात काय होते ते विचारायचे राहून गेले.

रविवार, २५ एप्रिल

फरसबी वर आली! पाठ वाकवून, मान खाली घालून येते आणि मग एकदम ताठ होते. भजनाआधी सगळी मंडळी मागे जाऊन बघून आली. पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, अजून मे लागला नाही!" मी म्हटले, "शुक्रवार पाळला की असं होतं." कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटले. अहंकार झाला असेल तर क्षमा असावी, पण म्हटले खरे.

डीकन मात्र बघायला आले नाहीत.

मंगळवार, २७ एप्रिल

सगळे गेले.

सकाळी दार उघडले तर गवतावर पांढरे दहिवर. चपला घालून तशीच धावले. फरसबी काळी, उकडल्यासारखी. टोमॅटो माना टाकून पडले होते. भोपळा तर कुठे होता तेही कळेना. ताईच्या बियांचे कोलार्ड तेवढे उभे, त्यांना काहीच झाले नाही.

आज खोटे लिहीत नाही. मी तिथेच मातीत बसले आणि देवाशी भांडले. म्हटले, तुझा दिवस पाळला. माझ्या आईने पाळला, कधी चुकला नाहीस. इथे कसा चुकलास? मग भीती वाटली की हे मी काय बोलते आहे. देव चुकला नसेल तर मी चुकले. तेही मनाला पटेना, कारण मी सांगितले तसेच सगळे केले होते.

हे मागून आले. माझ्या शेजारी उकिडवे बसले. मग म्हणाले, "ओडेसा, देव तोच आहे. आपला पत्ता बदललाय."

मला राग आला. नंतर स्वयंपाक करताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा डोक्यात येत राहिले.

शनिवार, १ मे

डीकन थ्रेडगिल टेप घेऊन आले आणि जागा मोजू लागले. मी समोर जाऊन उभी राहिले.

"ऑगस्ट अजून लांब आहे, डीकन."

"मोजायला काय पैसे पडतात?"

"मग माझ्या कोलार्डवरून पाय तरी काढा."

त्यांनी पाय पाहिला आणि पटकन मागे घेतला. वाकून चेपलेले पान दोन बोटांनी सरळ केले. मग मला ते दिसले हे लक्षात आले तसे टेप गुंडाळून निघून गेले.

व्हर्डेल म्हणते, "सोड ओडेसा. पेटीत पैसे फारसे नाहीत, बी नाही. मला माझ्या गुडघ्यांचा डॉक्टर बघायचाय."

"तुझ्या गुडघ्यांना काही झालं नाही, तुझा धीर सुटलाय."

"धीराचाही डॉक्टर असतो का? असला तर त्याच्याकडंही जाते."

सोमवार, ३ मे

रताळ्याचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, केला. दोन रताळी, अर्धी वाटी साखर, जायफळ चिमूटभर. सोबचाकबाईंच्या दारात गेले. रस्त्यात चार वेळा मागे फिरावेसे वाटले. मदत मागायला जाताना मोकळ्या हाताने जाऊ नये, पण भरल्या हातानेही ते सोपे होत नाही.

त्यांनी दार उघडले. खुर्ची दिली. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा नाही. टेबलावर, फ्रिजवर, खिडकीत, सगळीकडे टोमॅटो, कोबी, मिरची. चांगली वीतभर झालेली रोपे.

मी म्हटले, "आमचं सगळं गेलं."

"बघितलं." त्यांनी पायचा घास घेतला. "हे काय? भोपळा?"

"रताळं."

"गोड." आणखी एक घास. "बटाटा गोड केला. छान केलं." मग खिडकीकडे हात केला. "ही घ्या. सगळी."

"सगळी? आणि तुम्हाला?"

"मला एक ओळ पाहिजे. कुंपणाला लागून, तुमच्या बाजूला. माझ्या अंगणात ऊन येत नाही, गॅरेज आडवं येतं. बीट लावणार, शेपू, कोबी. तेवढंच."

मी विचारात पडले. चर्चची जमीन. मंडळीत बोलणे होणार, की ओडेसा क्रेनशॉने कॅथॉलिक बाईला ओळ दिली, तीही गोरी. पण समोर रोपे होती आणि माझ्या हातात काही नव्हते. म्हटले, "ओळ तुमची."

"आणि सोफीनंतर."

"सोफीनंतर," मी म्हटले. 

त्यांची मुलगी इरेना उपनगरात असते. ती म्हणते, घर विका आणि माझ्याकडे या. बाई नाही म्हणतात. "तिथं शेजारी गवत कापतात. बोलत नाहीत. इथं विटा उचलताना तुम्ही भांडता, हसता. मार्चपासून ऐकते मी."

घरी येताना देवाचे आभार मानले. ऐन अडचणीच्या वेळी शेजारच्या बाईकडे नेमकी इतकी जास्तीची रोपे निघावीत, ही त्याचीच योजना.

शुक्रवार, १४ मे

मंगळवारी इतके ऊन होते की व्हर्डेल रोपे घेऊन मळ्यात येऊन बसली. "आज लावू. त्या संतांना कुणी पत्र लिहिलंय का, डेट्रॉइटला या म्हणून?" मी तिला घरी पाठवले. मलाही लावावेसे वाटत होते, हे तिला सांगितले नाही.

आज सकाळी तोंडातून वाफ निघत होती.

सोबचाकबाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त जाड लोकरी कोट घालून, गळ्यापर्यंत बटणे लावून, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून एकदा गेल्या आणि परत आल्या. थोड्या वेळाने पुन्हा एकदा गेल्या. हातात पिशवी नव्हती.

हे चहा पिता पिता इतके हसले की कपाळाला हात लावून बसले.

सोमवार, १७ मे

लावले. ह्या वेळी सरीच्या एका टोकाला मी होते आणि दुसऱ्या टोकाला सोबचाकबाई. मी प्रार्थना म्हटली, त्यांनी क्रूस काढला. व्हर्डेल म्हणाली, "दोन्हीकडून बंदोबस्त झाला. आता दहिवराला यायला रस्ताच नाही."

पेटीतून खर्च: भेंडी व फरसबी पुन्हा, १ डॉलर २५. बाकी शून्य.

शनिवार, १९ जून

पाण्याच्या बिलावरून डीकन बोलले. बोलणे रास्त आहे, पैसा मंडळीचा. ह्यांनी जुनी पिंपे आणून चर्चच्या पन्हाळीखाली लावली, दुसऱ्या दिवशी सोबचाकबाईंच्या पन्हाळीखालीही. त्यांची पन्हाळ गळत होती ती दुरुस्त केली, मग पायरी, मग मागचे दार. काल विचारले, "कारखान्यात बोलावलं तर जाणार ना?" म्हणाले, "जाईन की. आधी ते दार नीट बसू दे."

आता चर्चला न येणारेही मळ्यात येतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मिरचीची ओळ मागितली. दोन घरे सोडून राहणारी नर्स कामावरून येता येता पाणी घालते आणि जाते. मी नियम केला: जो पाणी घालेल तो तोडेल, पण होमकमिंगचे आधी. नियम फळीवर लिहून टांगला. कुणीतरी खाली खडूने लिहिले, "आणि सिस्टर क्रेनशॉ सांगतील तसेच." पुसणार होते. पण खरेच होते, म्हणून राहू दिले.

रविवार, १८ जुलै

काळजी लागली आहे. टोमॅटो हिरवे, पण भरपूर. फरसबी चालली आहे. कोलार्ड तर कापून थकलो. पण भेंडी! वीतभर झाड, त्यावर करंगळीएवढ्या चार शेंगा. भेंडीला उष्णता लागते आणि आमची महिनाभर उशिरा लागली. भोपळ्याला कीड लागली, अर्धे वेल उपटले. पाहुणे दोनशेच्या वर येतात.

आणि सोबचाकबाईंची ओळ पाहावत नाही! बीट मुठीएवढे, कोबी पोराच्या डोक्याएवढे. काकड्या लावणार म्हणाल्या नव्हत्या, पण कुंपणावर चढवल्यात.

व्हर्डेल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाप्टिस्ट जमिनीत कॅथॉलिक कोबी. आणि तोच सगळ्यात लठ्ठ."

शनिवार, ३१ जुलै

आज वाईट भांडण झाले. व्हर्डेल मोठ्या बाजारातून भेंडीची टोपली घेऊन आली, स्वतःच्या पैशाने.

"शिजल्यावर काय कळणार आहे? भेंडीवर काय पत्ता लिहिलेला असतो?"

"मला कळेल."

"तुला एकटीला कळून डांबर थांबतंय का? चार महिने माती उपसली, ओडेसा! चार भेंड्यांसाठी घालवणार सगळं?"

"खोटं बोलून ठेवला तर तो मळा आपला राहत नाही."

ती रडत निघून गेली. टोपली मी नर्सबाईंच्या दवाखान्यात पाठवून दिली. व्हर्डेलचे मन मोडले, पण दुसरे काही करता येत नव्हते.

मग कुंपणाकडे गेले. सोबचाकबाई बीट उपटत होत्या. मी म्हटले, "मला तुमच्या ओळीतलं मागायचंय. किती देऊ शकाल?"

त्यांनी कंबर सरळ केली. ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "जेवायला किती माणसं?"

"दोनशेच्या वर."

"मग उद्यापासून काकड्या घालायला हव्यात. शेपू तोडा. लसूण आहे?"

रविवार, ८ ऑगस्ट

हातपाय दुखत आहेत, पण आजचे आजच लिहिले पाहिजे.

तळघर भरले होते. शिकागोची बस आली, क्लीव्हलंडहून गाड्या. कोंबडी आणि मक्याचा पाव नेहमीप्रमाणे. भाजीच्या टेबलावर: कोलार्ड, फरसबी, कापलेले टोमॅटो, तळलेले हिरवे टोमॅटो, भातावर गुंडाळलेला कोबी, बीटाचे थंड सार, आणि मिठाच्या पाण्यात शेपू-लसूण घालून मुरवलेल्या काकड्या. भेंडी एका बशीत, होती तेवढी. त्याशेजारी मी चिठ्ठी ठेवली, "इतकीच झाली."

मदर ग्रिग्सबी, नव्वदीच्या, मंडळीत सगळ्यांच्या मदर, त्यांनी वाटीत डोकावले. "ओडेसा, हे लाल काय?"

"बीटाचं सार, मदर."

"मला वाटलं कुणी पडदे रंगवायला काढलेत." प्यायल्या. वाटी पुढे केली. "अजून घाल. पडदे छान आहेत."

मग डीकन आले. टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. आवाज चढवून म्हणाले, "पाळकसाहेब, हा कोबी सिस्टरांचा नाही. बीटही नाही. त्या पोलिश बाईंचं आहे. मी विश्वस्तांच्या खोलीच्या खिडकीतून रोज बघतो."

 सोबचाकबाई नर्सशेजारी बसल्या होत्या, निळ्या पोशाखात. त्यांनी चमचा खाली ठेवला.

मी म्हटले, "रोज बघता, डीकन?"

"बघतो."

"मग तो कुणाच्या मातीत उगवला तेही बघितलं असेल."

कुणीतरी "आमेन" म्हणाले. पाळकसाहेबांनी तोंड पुसले. "डीकन, अट 'ह्या जमिनीतली भाजी' अशी होती. भाजीचा पंथ कुणी विचारला नव्हता."

व्हर्डेल मागून ओरडली, "आणि भेंडी बाजारची नाही! ते मी शपथेवर सांगते, मला चांगलं माहितीये!" तिच्याकडे पाहून मी हसले, तीही हसली.

डीकन उभेच होते. सोबचाकबाई उठल्या, बशीत एक काकडी घेतली आणि त्यांच्यासमोर धरली. "खा. मग भांडा."

नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी घेतली. करकर आवाज सगळ्या तळघरात ऐकू आला. संपवली. मग दुसरी घेतली, कागदी रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात टाकली.

मंगळवार, १० ऑगस्ट

विश्वस्तांची सभा. हिशेब वाचायला मला बोलावले होते. वाचला. पेटीतून खर्च सहा डॉलर पंचवीस, जेवणाची भाजी दोनशेच्या वर माणसांची. सगळे डीकनकडे बघत होते.

ते टेबलाकडे बघत बोलले. "मिसिसिपीत कापसाच्या खुरपणीचे दिवस आले की आमची शाळा बंद व्हायची. मालकाच्या पोरांची चालू असायची. त्यांची घंटा शेतात ऐकू यायची, आम्ही कुदळ चालवत. एवढंच आहे." हिशेबाचा कागद माझ्याकडे सरकवला. "मळा ठेवा. माझा हात वर. पण सिस्टर क्रेनशॉ, माझ्या हातात कुदळ द्यायची नाही. कधीच नाही."

"नाही देणार, डीकन. आणि काकडी?"

"काकडी द्या."

सगळे हात वर झाले. मळा राहिला.

घंटेचे मला माहीत नव्हते. मी मॅट्रिक झाले ती त्याच वर्षांत, आणि मला वाटत होते हा माणूस गाडीच्या गर्वाने बोलतो. (गर्व आहेच. रस्त्यावर लावलेली गाडी सभा चालू असताना डीकन दोनदा बघून आले.)

रविवार, २९ ऑगस्ट

सोबचाकबाई मुलीकडे राहायला गेल्या. जिन्यावरून पाय घसरला, फार लागले नाही, पण इरेनाने ऐकले नाही. सामान अर्धे तिने नेले, अर्धे बाईंनी आमच्याकडे ठेवले. जाताना मातीचे एक मोठे पिंप ह्यांच्या हातून आमच्या तळघरात ठेवून घेतले. काकड्या, वर पाटी, पाटीवर दगड. मला काही समजावू लागल्या, रोज काय करायचे, काय काढायचे, पण इरेना गाडीत हॉर्न वाजवत होती आणि पुढचे नीट ऐकू आले नाही. मी हो हो केले.

गाडी वळेपर्यंत हे रस्त्यावर उभे होते. मग म्हणाले, त्यांच्या दाराला अजून एक बिजागरी लावायची राहिली होती.

रविवार, १९ सप्टेंबर

मळा जोरात आहे. पुढच्या वर्षासाठी अकरा घरांनी ओळी मागितल्या, त्यात चर्चची सहाच. बाकीच्यांना मी नाही म्हटले नाही. आज पत्र टाकले. पत्रात काय लिहिले ते ध्यानात राहावे म्हणून इथे उतरवून ठेवते.

प्रिय सोबचाकबाई,

प्रभूची कृपा तुमच्यावर असो. पाय कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक. कोबीचे शेवटचे गड्डे काढले, तुमच्या वाट्याचे दोन ठेवले आहेत. तुमच्या ओळीला ह्यांनी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. ती कुणाला दिली नाही आणि देणारही नाही. रविवारी हे गाडी घेऊन येऊ शकतात, पेट्रोल फार लागत नाही, मी हिशेब केला आहे.

विचारायचे ते असे. पिंपातल्या पाण्यावर पांढरी साय धरली आहे. व्हर्डेल म्हणते नासले, ओतून टाक. हे म्हणतात, हात लावू नको. डीकन थ्रेडगिल दर रविवारी पायरीवर थांबून विचारतात, झाल्या का? मी पाटी उचलून वास घेतला. मला तरी वास चांगला वाटतो, पण आमच्यात असे काही करत नाहीत, म्हणून एकट्या माझ्या नाकावर भरवसा ठेवायचा नाही असे ठरवले आहे. पिंपभर जिन्नस टाकवत नाही, आणि माणसांना चुकीचे खायला घालवत नाही. तुम्ही स्वतः येऊन पाहिलेत तर उत्तम. नसेल जमत तर साय काढून ठेवू की सगळे ओतू, ते कृपा करून उलट टपाली कळवावे.

तुमची,
ओडेसा क्रेनशॉ